कणकवलीचा संडास आणि अब्जावधी कामगार

तुरुंगात माणसं अन्न कशासाठी सोडतात? बरं जेवण मिळावं म्हणून, मारहाण थांबावी म्हणून, सुटका व्हावी म्हणून. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात एका सत्याग्रही कैद्यानं आपला आहार कमी केला, तो मात्र भलत्याच मागणीसाठी. मागणी अशी, की मला तुरुंगातले संडास साफ करू द्या!

सरकारनं नकार दिला. ते काम कुणी करायचं हे जातीवरून ठरलेलं होतं, आणि हा कैदी पडला ब्राह्मण, त्यातून एम. ए. झालेला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळलं आणि ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनीही पाठिंब्यासाठी उपवास सुरू केला. दुसऱ्या दिवशी सरकारनं मागणीचा विचार करण्याचं आश्वासन दिलं, तेव्हा उपवास सुटला. जगातलं सर्वांत मोठं साम्राज्य दोन दिवस पेचात पडलं होतं, ते संडासाच्या खराट्यावरून!

या कैद्याचं नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. कोकणात मात्र त्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत, आणि ‘कोकणचे गांधी’ही. जन्म १८९४चा, मृत्यू १९७१चा. गांधीजींचं आत्मचरित्र मराठीत आणलं तेही त्यांनीच. १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम काढला. कणकवली आज ज्यात येते, तो सिंधुदुर्ग नावाचा जिल्हाही तेव्हा नव्हता. रत्नागिरीतून तो वेगळा झाला १ मे १९८१ला.

आश्रम म्हटलं की भजन, सूत, प्रार्थना डोळ्यांपुढे येते. इथे मेलेली गुरं सोलून त्यांचं कातडं कमावलं जाई, आणि ते काम आप्पासाहेब स्वतः शिकले होते. इथे शेणाची, मैल्याची, कुजण्याची चर्चा चाले. ज्या वस्तूचं नाव काढलं की आपण नाकाला रुमाल लावतो, तिच्यावर हा तत्त्वज्ञानाचा पदवीधर वर्षानुवर्षं डोकं लावून बसला होता. का बरं?

कारण तुरुंगात खराटा हाती घेऊन प्रश्न सुटला नव्हता. एका माणसाऐवजी दुसऱ्या माणसानं मैला उचलला, तर उचलणारा बदलतो, उचलणं तसंच राहतं. त्या काळच्या टोपली संडासात खाली टोपली किंवा डबा असे आणि रोज कुणीतरी तो डोक्यावरून वाहून नेई. हे काम देशातून कायद्यानं बंद व्हायला १९९३ उजाडलं, आणि कायदा कडक व्हायला २०१३. आप्पासाहेबांनी प्रश्न वेगळ्या टोकानं धरला. कुणालाच हे काम करावं लागू नये, असा संडास बांधता येईल का?

म्हणजे असे कामगार हवेत की ज्यांना हे काम आवडतं. पगार नको, सुट्टी नको, अपमान वाटायचा प्रश्न नाही. असे कामगार आहेत का कुठे?

आहेत. किंबहुना ते आधीपासून कामावर हजर असतात. माणसाच्या विष्ठेतलं पाणी काढून टाकलं, तर उरलेल्या वजनाचा पाव ते निम्मा भाग नुसत्या जिवाणूंचा असतो! आपण ज्याला उरलंसुरलं अन्न समजतो, ते बऱ्याच अंशी सजीवांचं एक महानगर आहे. शिवाय मातीतले जिवाणू आणि बुरश्या वेगळ्याच. त्यांना फक्त कामाची जागा नीट हवी.

ती जागा म्हणजे गोपुरी पद्धतीचा संडास. त्याचं तत्त्व ऐकाल तर म्हणाल, एवढंच? खाली एकाहून जास्त कप्पे. एक कप्पा वापरायचा, प्रत्येक वेळी वर माती, राख किंवा वाळलेला पातेरा टाकायचा. कप्पा भरला की बंद करायचा आणि दुसरा उघडायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मालाचं खत झालेलं असतं. ते फावड्यानं काढायचं आणि माडाच्या आळ्यात टाकायचं. हाताला लागते ती काळसर, भुसभुशीत माती. तिला वास येतो पहिल्या पावसाचा. हे नुसतं अलंकारिक बोलणं समजू नका. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो मातीतले काही सूक्ष्मजीव तयार करतात, आणि तेच सूक्ष्मजीव मुरलेल्या खतातही असतात.

पण बंद कप्प्यात नेमकं घडतं काय? आणि तो पातेरा कशाला? वास झाकायला? तेवढ्यासाठी नाही. जिवाणूंना जेवणात दोन गोष्टी लागतात, कर्ब आणि नत्र. कर्ब म्हणजे जळण, नत्र म्हणजे अंग बांधायचं सामान. एका भाग नत्राला पंचवीस ते तीस भाग कर्ब असला की त्यांची पंगत उत्तम रंगते. विष्ठेत नत्राच्या मानानं कर्ब फार कमी, जेमतेम सहा ते दहा पट. जास्तीचा नत्र मग अमोनिया होऊन उडतो, आणि आपल्या नाकाला कळतं! पातेऱ्यात नेमकं उलटं, कर्ब भरपूर आणि नत्र नावालाच. आंब्या-फणसाखाली पडलेली पानं मूठभर टाकली की हिशेब जुळायला लागतो. वास गेला, माशा गेल्या आणि जिवाणूंचं पोटही भरलं. कोकणात पातेऱ्याला काय तोटा?

आता पुढची गंमत. जिवाणू खातात, वाढतात, आणि त्यांच्या श्वसनातून उष्णता निघते. एकेका जिवाणूची उष्णता ती किती! पण अब्जावधींची एकत्र साठली आणि ढीग पुरेसा मोठा व हवेशीर असला, तर आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर चढतं. थंडीच्या सकाळी चांगला ढीग उकरला तर वाफ निघते. विस्तव नाही, वीज नाही, तरी आत हात घालवत नाही. या तापात रोगजंतू टिकत नाहीत. सर्वांत चिवट असतात जंतांची अंडी. थंड मातीत ती महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक जगतात, पण ५५ अंशांना ती काही दिवसांतच मरतात. आणि ढीग लहान असला, तापला नाही तर? मग वेळ तापाचं काम करते. म्हणून तर कप्पा एक-दोन वर्षं बंद ठेवायचा. ज्या रोगजंतूंनी घराघरात हगवण पसरवली असती, ते तिथे उपाशी मरतात, नाहीतर दुसऱ्या जिवाणूंच्या पोटात जातात.

व्हिएतनामच्या उत्तर भागात १९५०च्या दशकात याच दोन कप्प्यांच्या तत्त्वाचे संडास गावोगावी उभे राहिले. तिथेही भातशेती, तिथेही भरपूर पाऊस, तिथेही खताची टंचाई. एकाच प्रश्नाला जगाच्या दोन कोपऱ्यांत एकच उत्तर सापडलं होतं.

खताची टंचाई? कोकणात? हिरव्यागार सिंधुदुर्गात? हो! वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हा पाऊस जितकं देतो तितकंच धुऊन नेतो. कॅल्शियम, पोटॅश यांसारखी विरघळणारी द्रव्यं हजारो वर्षं वाहून जात राहिली आणि मागे उरलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. जांभ्या दगडाचा तांबडा रंग तो त्या लोखंडाच्या गंजाचा. वर ही माती स्फुरद असा घट्ट पकडून ठेवते की झाडांच्या मुळांना तो सहजी मिळत नाही. अशा मातीत बाहेरून काही घातल्याशिवाय पीक पोसत नाही.

आणि घालायचं ते कुठे आहे? आपल्याच घरात. आपल्याकडच्या आहारात एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाकाठी साधारण तीन किलो नत्र बाहेर पडतो, त्यातला बहुतेक लघवीतून. सात माणसांचं एकत्र कुटुंब धरा. झाला एकवीस किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत तेवढाच नत्र असतो! म्हणजे प्रत्येक मोठं घर वर्षाला युरियाची एक गोणी आपल्याच संडासातून बाहेर टाकतं आणि दुसरी गोणी बाजारातून विकत आणतं. सोनखत हे नाव आपल्या शेतकऱ्यांनी उगाच दिलेलं नाही.

मैल्याचं खत झालं. शेणाचं काय? इथे तर निसर्गानं याहून मोठी जादू करून ठेवली आहे.

वरच्या ढिगाला हवा लागत होती. आता शेण पाण्यात कालवा आणि हवा पूर्ण बंद करा. आधीचे कामगार गुदमरतात आणि नव्या पाळीचे कामावर येतात. पहिली टोळी तंतू, पिष्ट, प्रथिनं फोडते. दुसरी त्यांची आम्लं बनवते. तिसरी त्या आम्लांवर आणखी काम करते. आणि शेवटी येतात मिथेन बनवणारे अतिसूक्ष्म जीव. यांना प्राणवायू म्हणजे विष. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू नव्हता त्या काळापासून त्यांचा वंश चालत आला आहे. प्राणवायू आला तसे ते चिखलात, खोल गाळात आणि गाईगुरांच्या पोटात दडून बसले. तुमच्या परसातली गाय रवंथ करते तेव्हा तिच्या पोटात हेच आदिम जीव काम करत असतात. गोबर गॅसची टाकी म्हणजे विटा-सिमेंटनं बांधलेलं गाईचंच पोट. नवी टाकी सुरू करताना जुन्या टाकीतली थोडी रबडी आणून टाकतात, अगदी दुधाला विरजण लावावं तशी.

आता एक कोडं. हवेतला शेणाचा ढीगही ६० अंशांपर्यंत तापतो, पण गॅसची टाकी थंडच राहते. शेण तेच, मग ऊर्जा गेली कुठे?

ती वायूत जाऊन बसली! हवेत कुजताना तंतू-पिष्ट फुटून झालेल्या साखरेतली ऊर्जा जिवाणू खर्च करून टाकतात आणि ती उष्णतेच्या रूपानं उडून जाते. हवा नसताना मात्र त्यांना तिच्यातला अगदी थोडा वाटा मिळतो. साखरेतल्या ऊर्जेचा जवळजवळ नऊ-दशांश भाग मिथेनमध्ये शाबूत राहतो. टाकीतले जीव तिला हातही लावू शकत नाहीत, कारण मिथेन जाळायला प्राणवायू लागतो आणि तो तर त्यांच्याकडे नाहीच. मग तो वायू नळीतून स्वयंपाकघरात येतो, शेगडीत त्याला हवा मिळते, काडी लावली की निळी ज्योत पेटते. हवा दिली तर ताप, हवा काढली तर ज्योत. एकाच पाटीभर शेणात दोन्ही शक्यता आहेत, आणि ठरवायचं ते फक्त झाकण.

हिशेबही सोपा आहे. एक किलो शेणातून सुमारे चाळीस लिटर वायू मिळतो. दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं, आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. या जीवांना ३५ अंशांच्या जवळपासची ऊब मानवते, त्यामुळे हिमालयात थंडीत टाकी रुसते तशी ती कोकणात रुसत नाही. वायू गेला तरी नत्र शेणकाल्यातच राहतो, म्हणजे चूल पेटून वर खत शिल्लक. लाकडाच्या धुरानं डोळे चोळत भाकऱ्या भाजणाऱ्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आप्पासाहेबांनी हे तत्त्व संडासालाही लावलं. मैल्यावर चालणाऱ्या ‘मलप्रभा’ नावाच्या गॅस संडासाची मूळ कल्पना त्यांची. ती पुढे नेली देहूच्या डॉ. मापुस्करांनी. १९६०च्या सुमारास हे सरकारी डॉक्टर तुकोबांच्या देहूत आले. दवाखान्यात हगवण आणि जंतांचे रुग्ण, आणि गावात संडासच नाहीत. नुसत्या गोळ्या देऊन काय होणार? त्यांनी संडास बांधायला घेतले. पहिले संडास पावसात टिकले नाहीत. मग आप्पासाहेबांच्या रचनेवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि घराघरात गॅसचे संडास बसवले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. कणकवलीच्या माळावर सुचलेली गोष्ट इंद्रायणीकाठी चूल पेटवत होती.

पण आपण किनाऱ्याकडे जाऊ. मालवणात हा प्रश्न आणखी एका आश्चर्याशी जोडलेला आहे.

मालवणजवळची तारकर्ली-देवबागची वाळूची पट्टी घ्या. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. दोन्हीकडे खारं पाणी. मग अशा किनाऱ्यावरच्या वाळूत विहीर खणली तर गोडं पाणी कसं लागतं?

ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं! पावसाचं पाणी वाळूत मुरतं, आणि समुद्राचं पाणी त्याच्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे गोडं पाणी वर राहतं. एवढ्याशा फरकाचा परिणाम बघा. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी साठलं, तर हिशेबानं खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. पट्टी अरुंद असली की साठा कमी, पण तत्त्व तेच. समुद्रात बुडालेला गोड्या पाण्याचा हा साठा दर पावसाळ्यात भरतो, आणि त्यावर घरं, माड आणि माणसं जगतात. जास्त उपसा झाला तर खालून खारं पाणी वर चढतं.

आता याच वाळूत संडासाचा खड्डा खणला तर? आषाढात पाणी इतकं वर येतं की खड्ड्यात खालूनच पाणी भरतं. वाळू बरेचसे जिवाणू गाळते, पण नायट्रेट आणि विषाणू पाण्याबरोबर पुढे सरकतात, आणि विहीर चार पावलांवर. किनाऱ्यावरच्या एका घराचा खड्डा शेजारच्या घराच्या घागरीत उतरू शकतो. जमिनीवर बांधलेल्या, पक्क्या तळाच्या कप्प्याचं मोल इथे कळतं. आज मालवणात पर्यटकांची गर्दी आहे, घरोघरी निवास-न्याहारी आहे. पाहुणे वाढले तसा मैलाही वाढला आणि पाण्याचा उपसाही. जुना धडा आता दुप्पट निकडीचा झाला आहे.

विज्ञान झालं. पण सगळ्यांत अवघड भाग अजून बाकी आहे. ज्या विषयावर घरातही कुणी बोलत नाही, तो हजारो लोकांना शिकवायचा कसा? भाषणानं? पत्रकानं? भिंतीवर घोषणा लिहून?

सिंधुदुर्गानं यातलं सगळं पाहिलं आहे, पण टिकला तो आप्पासाहेबांचा मार्ग. आधी स्वतः करायचं, मग लोकांनी येऊन पाहायचं, मग त्यांनी स्वतःच्या घरी करायचं. कुडाळ तालुक्यात झारापला भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान आहे. डॉ. प्रसाद देवधर यांनी उभी केलेली ही संस्था गावोगाव गोबर गॅस बांधत गेली. शेजारणीच्या घरात निळी ज्योत पाहिली, तिची भांडी काळी होत नाहीत हे पाहिलं, की दुसऱ्या घरी सांगायला वेगळा प्रचारक लागत नाही. चुलीजवळ बसणारी बाईच शिक्षिका होते, आणि तिच्या बोलण्यावर कुणी शंका घेत नाही.

वेंगुर्ल्यात हेच एका शहराच्या पातळीवर घडलं. २०११च्या जनगणनेत जेमतेम १२ हजार वस्तीचं हे बंदराचं गाव. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना इथल्या लोकांनी घरातच कचरा वेगळा करायला सुरुवात केली. ओल्या कचऱ्यातून गॅस आणि वीज, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्यात, आणि जिथे कचऱ्याचा ढीग होता ती जागा लोकांनी येऊन पाहावी अशी. कचरा डेपो बघायला सहली येतात, यावर तुमचा विश्वास बसेल? येतात, आणि सहलीला आलेला माणूस तिथून शिकून जातो. आणि गावांचं म्हणाल, तर २०१६ साली केंद्र सरकारनं ग्रामीण स्वच्छतेसाठी ७५ जिल्ह्यांची पाहणी केली, २२ डोंगराळ आणि ५३ सपाटीवरचे. सपाटीवरच्या जिल्ह्यांत पहिला आला सिंधुदुर्ग.

पाहून शिकण्याची ताकद दिल्लीलाही कळली. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्र सरकारचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः संडासाच्या खड्ड्यात उतरले. कप्प्यांच्याच तत्त्वावरच्या दोन खड्ड्यांच्या संडासातला मुरलेला खड्डा त्यांनी हातानं रिकामा केला आणि आतलं खत लोकांना दाखवलं. देशभर छायाचित्रं झळकली, कारण भारत सरकारच्या सचिवानं असं काही केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. कणकवलीकरांना त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. त्यांच्याकडचा एक एम. ए. झालेला माणूस तेच काम मिळावं म्हणून १९३२ साली अर्धपोटी राहिला होता.

लोकशिक्षण म्हणजे लोकांना माहिती देणं, असं आपण समजतो. सिंधुदुर्गाचा अनुभव सांगतो की माहिती सर्वांत शेवटी येते. आधी एक वस्तू लागते, जी रोज वापरताना स्वतःच शिकवते: कप्पा, टाकी, शेगडी. तिच्या आधी एक माणूस लागतो, जो लाज सोडून पहिला हात घालतो. हे दोन्ही असले की जिवाणू आपलं काम चोख करतात. ते तर तीन अब्ज वर्षांपासून तयारच आहेत.

तेव्हा आज घरी एक प्रश्न विचारा. आपल्या संडासाची टाकी शेवटची कधी उपसली, कुणी उपसली आणि तो मैला कुठे नेऊन टाकला? बहुतेक घरांत याचं उत्तर कुणालाच माहीत नसतं. नवं घर किंवा पाहुण्यांसाठी खोल्या बांधत असाल, तर फरशीचा रंग ठरवण्याआधी संडासाचे दोन खड्डे, किंवा किनाऱ्यावर पक्के कप्पे, कुठे येणार आणि विहिरीपासून किती लांब, ते ठरवा. गुरं असतील तर गोबर गॅसची चौकशी करा. आणि मुंबई-गोवा महामार्गानं मालवणला निघालात, तर कणकवलीला गाडी थांबवून वागद्याचा गोपुरी आश्रम विचारा. तो आजही तिथे आहे.